सोलर पॅनेलवरचा बर्फ: काढायचा की राहू द्यायचा?

नमस्कार मंडळी! कॅनडातल्या आपल्या एडमंटनला पहिला बर्फ पडला, की घरावर सोलर बसवलेली आपली मराठी मंडळी एकच प्रश्न विचारतात: पॅनेल झाकली गेलीत, साफ करू का? बहुतेक वेळा नका करू. आणि शिडी लावून छपरावर तर चढूच नका. काहीही झालं तरी नाही.

आता कारण. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून 13 अंशांवरच. जूनमध्ये हाच दिवस 17 तासांचा होतो, म्हणजे वर्षाची खरी कमाई उन्हाळ्यातली. इथल्याच नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने वेगवेगळ्या कोनांत पॅनेलच्या जोड्या लावल्या. एकावरचा बर्फ झाडायचा, दुसऱ्यावरचा तसाच ठेवायचा. काही वर्षं मोजल्यावर बर्फामुळे होणारं वर्षाचं नुकसान सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास निघालं. कोन जितका उभा, तितकं कमी. एवढ्यासाठी हातपाय मोडून घ्यायचे?

मार्चची गोष्ट मात्र वेगळी. ऊन कडक, हवा थंड. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सियस तापमानावर मोजलेली असते. काच त्याहून थंड असेल तर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज जास्त मिळते. असा दिवस वाया गेला की मलाही वाईट वाटतं.

पण आधी नीट बघा. वरच्या कडेला काळ्या काचेची बोटभर पट्टी जरी उघडी पडली, तरी ती उन्हाने तापते. बर्फाखाली पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि अख्खा थर धपकन खाली येतो. अडतो कुठे? खालच्या फ्रेमच्या कडेला. तिथे चार बोटं बर्फ गोठून बसतो. पॅनेल उभं, म्हणजे लांब बाजू वर-खाली अशी, लावलेलं असेल आणि जुन्या पद्धतीचं असेल, तर तेवढ्यानेच घात होतो. आत साधारण तीन बायपास डायोड (अडलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे) असतात, प्रत्येकाकडे सेलचा, म्हणजे वीज बनवणाऱ्या छोट्या चौकोनांचा, एक उभा पट्टा. खालची ओळ झाकली की तिन्ही पट्टे अडतात, वर लख्ख ऊन असलं तरी! आडव्या लावलेल्या पॅनेलमध्ये एकच पट्टा बंद पडतो. हाफ-कट सेलच्या, म्हणजे अर्धे कापलेले सेल असलेल्या, उभ्या पॅनेलमध्ये निदान वरचा अर्धा भाग चालू राहतो.

म्हणून साफ करायचंच असेल, तर ती खालची कड मोकळी करा. जमिनीवर उभं राहून, लांब दांड्याच्या आणि फोमच्या डोक्याच्या रूफ रेकने. बर्फ रव्यासारखा भुसभुशीत असतानाच ओढा आणि काचेवर थोडा राहू द्या, बाकीचं ऊन करेल. दांडा विजेच्या तारांपासून लांब ठेवा. चिकटलेलं हिम खरवडू नका, काचेवरचा लेप जातो. धातूचं फावडं नको. मीठ नको, फ्रेम गंजते. आणि गरम पाणी तर अजिबात नको: गोठलेली काच तडकू शकते, शिवाय तेच पाणी पुन्हा गोठून बसतं.

एक गोष्ट आवर्जून पाहा: तो थर घसरून कुठे पडतो? खाली दार असेल, मुलं खेळत असतील किंवा गॅसचा मीटर असेल, तर हिवाळ्याआधीच इन्स्टॉलरला बोलावून स्नो गार्ड, म्हणजे घसरणारा बर्फ अडवणारे अडसर, बसवून घ्या. बर्फ थोडा जास्त दिवस राहील, वीज थोडी कमी मिळेल. चालेल.