काडी लावण्याआधी

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. ऊस तुटून गेला की रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, उरतं, आणि आपल्याकडं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला काडी लागते. सगळं शिवार धुरानं कोंदतं. आज त्या काडीबद्दलच बोलायचं आहे. पाचट जाळू नका, एवढंच सांगायला मी बसले आहे.

माझ्या आत्याचं सासर शिरोळ तालुक्यातलं. काळीभोर, चिकट जमीन, दोन एकरांचा तुकडा. मामा दरवर्षी पाचट पेटवायचे. आत्या एके वर्षी आडवी आली. मामा म्हणाले, "उंदरं होतील, पाणी पुढं सरायचं नाही." आत्या म्हणाली, "मग अर्धं रान तुमचं, अर्धं माझं. तुमच्यात खुशाल काडी लावा, माझ्यात लावायची नाही."

खरं तर सातबाऱ्यावर आत्याचं नाव नव्हतं. भांगलणीपासून भरणीपर्यंत जिचे हात मातीत, तिचं नाव उताऱ्यावर लागलंच पाहिजे. विषय वेगळा आहे, पण मी तो सोडणार नाही. घरात आजच बोलून घ्या.

तर झालं असं. दोन खोडवे, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेली पिकं, असेच गेले. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये डीपी जळाली आणि बारा दिवस मोटर बंद. मी तेव्हा तिथंच होते. मामांच्या अर्ध्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या, उसाची पानं दुपारी सुरळी व्हायला लागली. बांध नाही, काही नाही, मधे फक्त एक सरी. पण पलीकडं आत्याचा ऊस हिरवागार उभा. तिनं मला हाताला धरून नेलं, कुजकं पाचट बाजूला सारलं आणि म्हणाली, "हात लाव." गार माती होती. बोटाला ओल लागली. खाली गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या पसरलेल्या.

घरी येताना आत्यानं दोन्हीकडची लिंबाएवढी ढेकळं आणली आणि पत्र्यावर दोन दिवस वाळवली. मग चहाचे दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरले आणि एकेक ढेकूळ अलगद सोडलं. मामांचं ढेकूळ बुडबुडे सोडत बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं, तळाला नुसता चिखल. आत्याचं ढेकूळ तसंच बसून राहिलं. आमचा चहा पिऊन झाला तरी ते बसलेलंच. मामा बराच वेळ ग्लासाकडं बघत होते. बोलले काहीच नाहीत. त्या हंगामात ऊस तुटल्यावर ते पहाटे एकटेच रानात गेले आणि आपल्या अर्ध्यातलं पाचट सरीत ओढून आले.

असं का होतं? पाचट कुजलं की त्यातून मातीच्या कणांना धरून ठेवणारा चिकटपणा येतो, सेंद्रिय कर्ब वाढतो. जाळलं की कर्ब आणि नत्र धुरातून जातो, हातात राख उरते.

आता करायचं काय, ते नीट ऐका. एकरी साधारण तीन ते चार टन पाचट निघतं. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. मग एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. पुन्हा सांगते, लिहून घ्या: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो संवर्धक. युरिया चुकवू नका. पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. तो दिला नाही तर ते जमिनीतला नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग पाणी द्या आणि पाचट पायानं दाबत चला, मातीला टेकलं की लवकर कुजतं. आणि खोडवा ठेवायचा तो शक्यतो १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेल्या उसाचाच.

वेळ संपत आली. उद्या रानात जाल तेव्हा जाळलेल्या वाफ्यातलं एक ढेकूळ आणा, एक बांधावरच्या गवताखालचं. दोन्ही वाळवा. काचेचे दोन ग्लास घ्या, पाणी भरा, ढवळू नका. पोरांनाही जवळ बसवा. नमस्कार.