सोडियम उतरला, एलईडी चढला

(दृश्य : संध्याकाळ, सांगलीतला विश्रामबाग भाग. शिडीच्या गाडीवरून वायरमन जुनी फिटिंग खाली घेतोय.)

खांबावरून आत्ता खाली आली ती रस्त्यावरच्या जुन्या दिव्याची 250 वॅटची सोडियम फिटिंग. हातात घेतली की तिचं वजन कळतं. आत तांब्याच्या तारेचा जड चोक, शेजारी दिवा पेटवून देणारा इग्निटर आणि काचेच्या तळाशी मेलेल्या किड्यांचा थर. हा दिवा लावला की आधी नुसता मिणमिणायचा, पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटं घ्यायचा. मध्येच लाईट गेली, तर तापलेला बल्ब निवल्याशिवाय पुन्हा पेटायचा नाही. तरीही वर्षानुवर्षं सांगली, मिरज आणि कुपवाडची माणसं याच उजेडात रात्रीची घरी परतली. त्याचे उपकार आहेतच.

आता त्याचं बिल बघू. बल्ब 250 वॅटचा, पण चोक स्वतःच 25 ते 30 वॅट खातो. रात्रीचे सरासरी 11 तास धरले, तर एका खांबाला वर्षाला साधारण 1,100 युनिट लागतात. त्याच जागी 120 वॅटचा एलईडी लावला, तर हा आकडा 480 च्या आसपास येतो. गल्लीबोळातली 40 वॅटची ट्यूब चोकसकट 50 च्या पुढे जाते. तिथं 20 वॅटचा एलईडी भागवतो. हे सगळं बिल महापालिकेच्या तिजोरीतून जातं, म्हणजे तुमच्या-आमच्या घरपट्टीतून.

(दृश्य : नव्या फिटिंगचं झाकण उघडलेलं. कॅमेरा लेन्सवर.)

ही बचत येते कुठून? चांगला सोडियम दिवासुद्धा एका वॅटमागे भरपूर प्रकाश देतो. पण तो प्रकाश चहूबाजूंना जातो. थोडा डब्यात अडकतो, थोडा समोरच्या घराच्या खिडकीत शिरतो, थोडा आभाळात. एलईडीच्या प्रत्येक ठिपक्यावर ही बारीक लेन्स बसवलेली असते. ती प्रकाशाला धरून रस्त्यावर आणते. आमच्या मते एलईडीचं खरं मोल इथं आहे: उजेड नेमका हवा तिथंच टाकता येतो.

आणि म्हणूनच जुना दिवा काढला, त्याच ब्रॅकेटवर नवा ठोकला, एवढ्यानं काम होत नाही. खांबांमधलं अंतर जुन्या दिव्यांच्या हिशेबानं ठरलेलं. लेन्स चुकीची निवडली, तर खांबाखाली लख्ख आणि दोन खांबांच्या मध्ये काळोख. मग लोक विचारतात, ‘दिवा चालू आहे हो, पण उजेड कुठाय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. रस्त्यांच्या दिव्यांसाठी आपल्याकडे आयएस 1944 हे भारतीय मानक आहे. सर्वाधिक वर्दळीच्या मोठ्या रस्त्यावर सरासरी 30 लक्स (लक्स म्हणजे रस्त्यावर पडणारा उजेड मोजायचं माप), इतर मुख्य रस्त्यांवर 15, अंतर्गत रस्त्यांवर वर्दळीप्रमाणे 8 किंवा 4. उजेड सगळीकडे किती सारखा पसरावा, तेही त्यात दिलंय. लक्समीटर रस्त्यावर ठेवला की दोन मिनिटांत खरं-खोटं समजतं. झाडांच्या रस्त्यावर तर ब्रॅकेट फांद्यांच्या खाली आणावाच लागतो. नाहीतर आपण पानांवर उजेड पाडत राहतो.

(दृश्य : रस्त्याकडेची भाजीची पाटी. एक बाई मिरच्या निवडतेय.)

सोडियमच्या उजेडात लाल मिरची तपकिरी दिसायची, कोथिंबीर मळकी. रात्री अपघात झाला, तर गाडीचा रंग कोणता होता, हेही साक्षीदाराला धड सांगता येत नसे. पांढऱ्या उजेडात रंग ओळखू येतात. हा पांढरा प्रकाश निघतो निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा थर देऊन. तो निळा एलईडी बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण जितका पांढरा, तितका त्यात निळा जास्त. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, डोळ्यांवर येतो, घरात झोपलेल्या माणसाला त्रास देतो. राहत्या गल्ल्यांत आणि हरिपूरकडे, नदीकाठानं 3,000 केल्विनच्या आसपासचा उबदार रंग वापरावा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर), मध्यरात्रीनंतर तो मंदही करावा. तशी सोय ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, करून घेता येते.

देशभर ही मोहीम 5 जानेवारी 2015 ला सुरू झाली. केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीनं आधी स्वतःचा पैसा घालायचा आणि वाचलेल्या बिलातून पालिकेनं तो हप्त्यांनी फेडायचा, अशी ती रीत. रीत चांगली आहे, फक्त एक मेख आहे. जिथं आधी निम्मे दिवे बंदच असत, तिथलं जुनं बिलही कमीच असतं. नवे दिवे सगळे पेटले, की बचत कागदावरच्या इतकी दिसत नाही. त्याला अपयश म्हणू नये. अंधारातल्या माणसाला उजेड मिळाला, तोही हिशेबात धरावा.

एलईडी सहसा एकदम विझत नाही. बहुतेक वेळा आधी जातो तो त्याचा ड्रायव्हर: वैशाखाच्या उन्हात तापून, किंवा वळवाच्या पावसात वीज कडाडली की तारेतून आलेल्या दाबानं. म्हणून असा अचानक आलेला दाब अडवणारा सर्ज संरक्षक आणि नीट अर्थिंग या दोन गोष्टींत काटकसर करू नये. मात्र ठेकेदाराची देखभाल कितीही चोख असली, तरी सांगलीत आणखी एक गोष्ट आधी बघावी लागते.

(दृश्य : आयर्विन पूल, पाण्याची पातळी दाखवणारे आकडे.)

कृष्णेची धोक्याची पातळी इथं 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली. पथदिव्यांची पेटी, टायमर, खांबाच्या बुडातले जोड, सगळं बुडालं. अशा वेळी भिजलेल्या खांबात वीज उतरली, तर पाण्यातून चालणाऱ्याच्या जिवावर बेततं. त्यामुळे सखल भागाची लाईन बंद करावीच लागते. पण तिच्याबरोबर उंचावरचा रस्ताही अंधारात जात असेल, तर माणसं होडीतून उतरवायची कुठं? पाणी ओसरल्यावरही केबलचं इन्सुलेशन मेगरनं (वीज बाहेर झिरपत नाही ना, हे मोजणाऱ्या यंत्रानं) तपासल्याशिवाय बटण दाबू नये.

दिवे बदलायला खांब उघडलेच आहेत, तर हे कामही याच फेरीत उरकावं. 2019 च्या खुणेपेक्षा पेट्या वर घ्याव्यात. जमेल तिथं बुडातले जोडही वर सरकवावेत. पूरपट्ट्याची लाईन उंच भागापासून वेगळी तोडता यावी. आणि तिचं स्विच अशा जागी असावं, जिथं पाणी चढल्यावरही वायरमनला चालत जाता येईल.