पेशी जिवंत असतानाच

मे महिना. अमरावती रोडवर सकाळी आठलाच ऊन चटका देतंय. इथल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करणारी एक मुलगी मोठ्या गोल टाकीत थर्मामीटर धरून उभी आहे. पाणी 25 अंशांच्या आसपास हवं. बाहेर पारा 45 कडे निघालेला असताना ते तसं राखणं, हे नागपुरातल्या संशोधकाच्या वाट्याला आलेलं जास्तीचं काम.

पाणी मुद्दाम गढूळ केलंय. त्याखाली एक छोटा चौथरा लपवलेला आहे. पांढरा उंदीर पोहत तो शोधतो, भोवतीच्या भिंतींवरच्या खुणांवरून जागा लक्षात ठेवतो आणि काही दिवसांत सरळ तिथे जाऊन पोचतो. रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मध्ये मांडलेली ही चाचणी. पण ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड बीटा, म्हणजे अल्झायमर या विसरण्याच्या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन, सोडलंय, ते उंदीर रोज नव्याने शोधत राहतात. काल शिकलेलं आज का उरत नाही, हा तिच्या प्रबंधाचा विषय.

तिकडे नागपूरच्याच महाल भागातल्या एका घरात आजींना लहानपणीची मारबतीची मिरवणूक लख्ख आठवते. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” ही आरोळी त्या आजही जोरात देतात. पण सकाळचे पोहे?

“आई, आत्ताच तर खाल्ले ना जी तुम्ही!”

“नाही वं, कोणी देल्लेच नाही मले.”

नवी आठवण पक्की करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, अल्झायमरच्या तडाख्यात फार लवकर सापडतो. जुन्या आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरलेल्या असतात, त्या जास्त तग धरतात. शेजारीपाजारी म्हणतात, वय झालं आता. हे ऐकलं की वाईट वाटतं. वयाबरोबर धोका वाढतो हे खरं, पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा आजार आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना तो असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

1906 मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या: पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. थरांमधलं प्रथिन, म्हणजेच अमायलॉइड बीटा, ओळखायला 1984 उजाडलं. पेशीच्या पडद्यात बसलेलं एक मोठं प्रथिन दोन एन्झाइम कापतात, आणि बहुधा 40 किंवा 42 अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. त्यातला 42 चा जास्त चिकट.

बरीच वर्षं सगळा दोष या थरांवर होता. पण मेंदूत भरपूर थर असूनही स्मरणशक्ती शाबूत असलेली माणसं सापडत गेली. मग लक्ष गेलं ते थर होण्याआधीच्या, द्रवात फिरणाऱ्या लहान पुंजक्यांकडे. 2002 मध्ये असे पुंजके उंदरांच्या मेंदूत सोडले, तेव्हा दोन पेशींमधला जोड, म्हणजे सिनॅप्स, बळकट होण्याची क्रियाच अडली. या पुंजक्यांमुळे पेशी संदेश झेलणारे रिसेप्टर आत ओढून घेते. पेशी जिवंत असते, पण तिला पुरेसं ऐकू येत नाही.

आतले धागे टाऊ या प्रथिनाचे. त्यावर फॉस्फेट जास्त चढलं की ते पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांवरून सुटतं आणि नको तिथे जमतं. 2007 मध्ये अमायलॉइड भरपूर असलेल्या उंदरांमधला टाऊ कमी केला, तर त्यांची स्मरणशक्ती बरीच वाचली. अमायलॉइड तेवढंच होतं! मला या सगळ्या कथेतला हा सगळ्यात विलक्षण प्रयोग वाटतो.

आजींना सुनेनं मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं. बी-12 आणि थायरॉइड आधी तपासले, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसरणं वाढतं आणि ते उपचारानं सुधारू शकतं. दोन्ही ठीक निघालं. आता डोनेपेझिल हे औषध चालू आहे. त्यानं अॅसिटिलकोलीन हे पेशींमधला संदेश नेणारं रसायन टिकतं, थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही. अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे औषध 18 महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे 27 टक्क्यांनी कमी करतं, तेही अगदी सुरुवातीच्या रुग्णांत.

म्हणून प्रयोगशाळेतल्या मुलीला सुरुवातच पकडायची आहे. उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये तिचे हिप्पोकॅम्पसचे नमुने आहेत. वीज गेली की तिचा जीव वर-खाली होतो. अमायलॉइड दिल्यावर किती तासांनी टाऊवर फॉस्फेट चढतं आणि रिसेप्टर किती तासांनी आत जातात, हे ती मोजते आहे. यातलं आधी काय घडतं, यावर औषधानं कुठे अडवायचं ते ठरेल.