पहाट होईपर्यंत

(पडदा काळा. दूरवर कोंबडा आरवतो.)

मुख्य याजकाच्या वाड्याचे अंगण. येशूला धरून इथे आणले आहे. थंडी आहे. नोकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला आहे आणि त्यांच्यात उभा राहून येशूचा शिष्य पेत्रही शेकतो आहे. तू त्याचाच शिष्य ना, असे तीनदा त्याला विचारतात, तीनदा तो नाकारतो. इतक्यात कोंबडा आरवतो. येशूचे चरित्र लिहिणाऱ्या चार शुभवर्तमानकारांपैकी एकटा लूक इथे सांगतो की, प्रभू येशूने वळून पेत्राकडे पाहिले.

पेत्र बाहेर गेला आणि हमसून रडला.

पश्चात्ताप म्हटला की आपण बहुधा इथेच थांबतो. चूक कळली, डोळे भरून आले, क्षमा मागितली, झाले. पण त्या रात्री पेत्राने क्षमा मागायची कोणाकडे? ज्याच्याकडे मागायची, त्याला तर बांधून नेले होते. मग वधस्तंभ, मग कबर, आणि कबरेच्या तोंडाशी मोठी धोंड.

(दगडी जमिनीवर विखुरलेली चांदीची नाणी.)

आणखी एकालाही आपले पाप कळले होते. येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याने त्यासाठी मिळालेली ३० नाणी परत नेली. निर्दोष माणसाला धरून दिले, मी पाप केले, असे तो याजकांसमोर बोललाही. त्या कबुलीत मला खोट दिसत नाही. पेत्राने तर एवढेही शब्द उच्चारल्याचे कुठे लिहिलेले नाही. पण यहूदा तिसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत, येशू पुन्हा उठेपर्यंत, थांबू शकला नाही; त्याआधीच त्याने जीव दिला. त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली येतो. त्याचा न्याय करणे आपले काम नव्हे.

(अंधारात तटावर उभा पहारेकरी.)

बायबलमधले स्तोत्र १३०. आठच वचने. खोल गर्तेतून एकजण देवाला हाक मारतो: प्रभो, तू पापांचा हिशेब ठेवलास, तर तुझ्यापुढे कोण उभा राहील? लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो, तुझ्या ठायी क्षमा आहे. आता स्तोत्र संपायला हवे होते. पण संपत नाही. क्षमेवर विश्वास ठेवूनही हा माणूस वाट पाहतच राहतो, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांपेक्षाही अधिक. हे तो दोनदा म्हणतो. रात्र लांबली की तेच शब्द पुन्हा ओठांवर येतात, तसे.

पहारेकऱ्याला पहाट ओढून आणता येत नाही. तो फक्त जागा सोडत नाही.

२४ मे १७३८ रोजी दुपारी, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीने हेच स्तोत्र गायलेले ऐकले. तोवर धर्मगुरू होऊन त्याला जवळजवळ १० वर्षे झाली होती, तरी आपल्या पापांची क्षमा झाली ही खात्री मनात उतरली नव्हती. ती त्याच संध्याकाळी एका छोट्या सभेत उतरली. १० वर्षे. आपण एका प्रार्थनेनंतर घड्याळ बघतो.

आज रात्री एकच पाप त्याच्या खऱ्या नावाने देवासमोर ठेवा. सबब जोडू नका. मग उठण्याची घाई करू नका. काही जाणवले नाही, तरी बसून राहा. हिब्रू भाषेत पश्चात्तापासाठी ‘शूव’ हा शब्द येतो. त्याचा साधा अर्थ परतणे. आणि परतीची वाट पायांनीच चालावी लागते.

(पाण्यावर पहिला उजेड. एक होडी.)

रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळाला होता: त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्राचे नाव वेगळे घेऊन.

मग तिबिर्य समुद्राचा, म्हणजे गालील सरोवराचा किनारा. पहाट. रात्रभर जाळी टाकूनही काही मिळालेले नाही. किनाऱ्यावर प्रभू उभा आहे, हे कळताच पेत्र पाण्यात उडी घेतो. वर येऊन पाहतो तर कोळशाचा विस्तव. बायबलच्या नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा हा शब्द दोनच ठिकाणी येतो: त्या अंगणात आणि इथे. तीन प्रश्न अजून विचारायचे आहेत, प्रीतीबद्दलचे. पण त्याआधी विस्तवावर मासळी आहे, भाकर आहे, आणि प्रभू म्हणतो,

“या, न्याहारी करा.”