बुजगावण्याच्या अंगातला सदरा

(तालुक्याच्या ग्रामीण वाचनालयातल्या व्याख्यानमालेतलं भाषण, शब्दांकन करताना थोडं आवरतं घेतलं आहे.)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत 'आफ्रिकेतील वन्यजीवांचे रक्षक' असा भारदस्त विषय छापलाय आणि त्याखाली माझं नाव. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी आफ्रिकेत गेलेलो नाही. मी जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. ३१ वर्षं गाईम्हशींच्या मागच्या बाजूला उभा राहिलेला माणूस. सिंह पाहिला तो प्राणिसंग्रहालयात, तोही झोपलेला. तरी मी हा विषय घेतला, कारण आज ज्या दोन बायांविषयी मला मुख्यतः बोलायचंय, त्या दोघी माझ्याच धंद्यातल्या.

पहिली वांगारी माथाई, पूर्व आफ्रिकेतल्या केनियाच्या. नोबेल मिळालेली, झाडं लावणारी बाई म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. पण त्या मूळच्या पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७१ साली नैरोबी विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत तोवर कुठल्याच बाईनं ती घेतलेली नव्हती. आणि त्यांचं सगळं काम सुरू झालं ते गोचिडापासून.

गोचीड म्हटल्यावर इथले दूधवाले हसले. हसणारच. संकरित गाय घेतली, आठवड्यात ताप चढला, लसणीएवढ्या गाठी आल्या आणि गाय बसली, हे इथल्या प्रत्येकानं एकदा तरी सोसलंय. आपण त्याला थायलेरिया म्हणतो. त्याचाच चुलतभाऊ तिकडे पूर्व आफ्रिकेत आहे, तोही गोचीडच पसरवते. गावठी गाय तग धरते, बाहेरून आणलेली मरते. तिकडेही हेच. तर ह्या बाई सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नैरोबीच्या आसपासच्या खेड्यांत गाईंच्या कानातली गोचीड गोळा करत हिंडत होत्या. हिंडताना त्यांना दिसलं की गाईंच्या बरगड्या मोजता येतायत. गवतच नाही. पाऊस पडला की लाल माती ओढ्यात उतरते, ओढा गढूळ. गाईपाठोपाठ माणसंही वाळलेली. त्यांनी ठरवलं, ह्या गाईला गोचिडापेक्षा मोठं दुखणं लागलंय आणि ते गाईच्या अंगावर नाही.

आम्हा डॉक्टर लोकांना हे सुचत नाही हो. आम्ही इंजेक्शन भरतो.

मग त्यांना आपलं गाव आठवलं. न्येरी भागातलं इहिथे, जन्म १९४० चा. घराजवळ एक मोठं झाड होतं, आपल्या वड-उंबराच्या कुळातलं. त्यांच्या किकुयू भाषेत त्याला मुगुमो म्हणतात. सरपणाला जाताना आई बजावून सांगायची, त्याची काटकी आणायची नाही, ते देवाचं झाड आहे. त्या झाडाजवळून एक झरा वाहायचा. लहानगी वांगारी त्यात बेडकांच्या अंड्यांच्या माळा बघायची, मणी समजून उचलायला जायची आणि त्या हातातून निसटायच्या. पुढे शिकायला अमेरिकेला गेल्या, परतल्या, आणि काही काळानं पाहिलं तर जमिनीच्या नव्या मालकानं ते झाड तोडून चहा लावला होता. झरा आटला होता. बेडूकही गेले होते. आपल्याकडे विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या आधी उंबर कुठं आहे ते बघतो ना? किकुयू म्हाताऱ्या पाणाडे नव्हत्या, पण देवाचं झाड म्हणत पाणीच राखत होत्या.

पुढचं ठाऊक असलेलं मी भरभर सांगतो. १९७७ च्या ५ जूनला नैरोबीत सात झाडं लावली आणि त्यातून ग्रीन बेल्ट चळवळ उभी राहिली. त्याआधी खेड्यातल्या बायकांनी आपली गाऱ्हाणी मांडली होती: सरपण नाही, स्वच्छ पाणी नाही, पोटभर सकस अन्न नाही. ह्या तिन्हींचा सांधा बघा. मका आणि घेवडा हे त्यांचं रोजचं जेवण, पण ते शिजायला वेळ लागतो, सरपण लागतं. सरपण संपलं तशी चुलीवर पटकन होणारी चीज आली, पांढरा पाव आणि चहा. मुलं कुपोषित झाली. ज्या आयांनी हुलगे शिजवलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बायकांनी रोपं करायची ठरवली तेव्हा वनखात्यातले लोक म्हणाले, झाड लावायला शिक्षण लागतं, डिप्लोमा लागतो. बायका शेतकरणी होत्या. बी कधी पेरायचं हे त्यांना कोणी शिकवायचं? फुटकी मडकी, जुने डबे, जे हाताला लागेल त्यात त्यांनी रोपं वाढवली. पैसे मिळायचे, एका रोपामागे काही सेंट, पण ते रोप लावल्याबद्दल नव्हे. रोप जगलं तर. ही अट मला सगळ्यात आवडते. आपल्याकडे दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवं रोप आणि तेच पाहुणे, त्यामुळे जास्तच आवडते. २००४ साली नोबेल मिळालं तेव्हा लावलेल्या झाडांचा आकडा ३ कोटींच्या पुढे होता.

मार पण खाल्ला. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात ६० मजली इमारत उभी राहणार होती, शेजारी राष्ट्राध्यक्षांचा पुतळा. बाईंनी पत्रं लिहून विरोध केला, तर संसदेत त्यांच्या घटस्फोटावरून टवाळी झाली आणि चळवळीला सरकारी जागेतलं ऑफिस सोडावं लागलं. ऑफिस त्यांनी घरात आणलं. इमारत मात्र झाली नाही. मग करुरा. शहराला लागून असलेलं हजारेक हेक्टरांचं सरकारी जंगल बिल्डरांना वाटलं जात होतं. ८ जानेवारी १९९९ ला त्या तिथं एक झाड लावायला गेल्या आणि भाडोत्री माणसांनी डोकं फोडलं. तशाच पोलीस ठाण्यात गेल्या आणि तक्रारीवर आपल्याच रक्तानं सही केली. आज त्या करुरात नैरोबीकर सकाळी फिरायला जातात.

आता दुसरी. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका, युगांडाच्या. वयानं माथाईंपेक्षा ३० वर्षं लहान. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात शिकून परतल्या आणि १९९६ साली, पंचविशीत, युगांडाच्या सरकारी सेवेतल्या पहिल्या वन्यजीव डॉक्टर झाल्या. पहिल्याच वर्षी निरोप आला: ब्विंडीच्या जंगलातले गोरिला केस गळून पांढरे पडतायत, खाजवतायत.

ब्विंडी म्हणजे युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं डोंगराळ, दाट रान. पहाडी गोरिला जगात दोनच जागी आहेत, त्यातली ही एक. आणि जंगलाची हद्द संपते तिथंच लोकांची केळी सुरू होते. मधे गायरान नाही, काही नाही. गोरिला केळीच्या बागेत येतो, सोट फाडतो आणि आतला गाभा खातो. घडापेक्षा त्याला गाभा प्यारा. एका रात्रीत रानडुकरांनी भुईमुगाचा चिखल केलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्या शेतकऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर येईल.

तर बाईंनी काय केलं? त्या आधी माणसांच्या डॉक्टरकडे गेल्या. एका डॉक्टर मित्राला विचारलं, लोकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा त्वचारोग कोणता? तो म्हणाला, खरूज. निदान तेच निघालं. गोरिलांना आयव्हरमेक्टिन दिलं. हो, आपण कुत्र्याच्या, शेळीच्या खरजेला देतो तेच, फक्त बंदुकीतून लांबून टोचून. एक पिल्लू दगावलं, बाकीचे बरे झाले.

पण खरूज आली कुठून? गोरिला आणि आपण इतके जवळचे की आपला रोग त्यांना लागतो. माग काढत गेल्यावर संशय शेतातल्या बुजगावण्यांवर गेला. गोरिला, बबून माकडं येऊ नयेत म्हणून लोकांनी काठ्यांवर घरातले जुनेर कपडे चढवले होते. ज्या घरात पाणी डोंगराखालून आणायचं, साबण परवडत नाही, दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, त्या घरातल्या अंगाला खाज. तोच सदरा बुजगावण्याच्या अंगात. गोरिला येतो, घाबरत तर नाहीच, उलट कुतूहलानं कपडा हातात घेऊन बघतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. राखणीला उभं केलेलंच रोग देतंय, आणि तो रोग गरिबीचा.

इथून पुढे ह्या बाईंनी गोरिलाच्या आजारावर उपाय माणसाच्या घरात शोधला. २००३ च्या सुमाराला नवऱ्याबरोबर आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर संस्था काढली. गावातलेच स्वयंसेवक घरोघर जातात: हात धुवा, संडास बांधा, खोकला दोन आठवडे टिकला तर तपासून घ्या, कुटुंबनियोजन असं आहे. आपल्या आशाताईच म्हणा ना. फरक एवढाच की त्याच ताई गोरिला कुठं उतरलाय तेही विचारून येतात. शिवाय गावकऱ्यांचीच पथकं आहेत, बागेत शिरलेल्या गोरिलांना न दुखवता हुसकून जंगलात लावणारी. आणि भोवतालच्या शेतकऱ्यांची कॉफी व्यापारी मातीमोल भावानं उचलत होते, म्हणून २०१५ मध्ये कॉफीचा धंदा सुरू केला. पोट भरलं की माणूस फासे लावायला रानात जात नाही, हा साधा हिशोब. २०१८ साली पहाडी गोरिलांची एकूण संख्या हजाराच्या वर गेल्यानं त्यांचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला. सगळं श्रेय ह्या बाईंचं नाही. शेकडो वनरक्षक आहेत. पलीकडे काँगोतल्या विरुंगा उद्यानात आजवर २०० हून अधिक रक्षक कामावर असताना मेलेत. २०२० च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी बारा. ह्या माणसांची नावं कुठल्या व्याख्यानात येत नाहीत, माझ्याही नाही.

बुजगावण्यावरून आणखी एक गोष्ट सांगतो, मुलांनो, ही तुमच्यासाठी. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला कुंपण नाही. तिथं कितेंगेला भागात रिचर्ड तुरेरे नावाचा पोरगा बापाची गुरं राखायचा. मासाई ह्या गुरं पाळणाऱ्या जमातीतला. एका रात्री सिंहानं त्यांचा एकुलता एक वळू मारला. पोरानं आधी जाळ करून पाहिला, तर उजेडात सिंहाला गोठाच नीट दिसायला लागला. मग बुजगावणं केलं. पहिल्या रात्री सिंह आला आणि परत गेला. दुसऱ्या रात्री त्यानं ओळखलं, हा तर हलतच नाही. एका रात्री पोरगा टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत होता तेव्हा मात्र सिंह आले नाहीत. मग त्यानं गाडीची जुनी बॅटरी, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा, तुटक्या टॉर्चचे दिवे आणि एक सौर पत्रा जोडून आळीपाळीनं लुकलुकणारे दिवे कुंपणावर लावले. सिंहाला वाटतं, कुणीतरी फिरतंय. तेव्हा तो ११ वर्षांचा होता. ही विद्या तो आईचा नवा कोरा रेडिओ खोलून शिकला होता आणि त्याबद्दल आईनं काय केलं असेल ते मी सांगायला नको. आता सिंह हुशार, कधीतरी दिव्यालाही सरावेल. पण गोठा बांधून त्याच्याभोवती चालून बघणं, ही अक्कल टिकणारी आहे.

मासाईंचं एक आहे. त्यांच्यात सिंह मारणं ही मर्दुमकी. मारणाऱ्या जवानाला नवं नाव मिळतं, पोरी गाणी म्हणतात. केनियातल्याच अंबोसेलीच्या भागात लीला हज्जाह ह्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ह्याच जवानांना सिंहांचे राखणदार नेमलं. आज सिंह कुठल्या ओहोळात आहेत, गुरं तिकडे नेऊ नका, हे सांगत तेच फिरतात. चुकलेलं जनावर शोधतात, कधी चुकलेला गुराखी पोरगा शोधतात, गुरांचं काटेरी वाडगं डागडुजी करून देतात. आणि सिंह मारून नाव घ्यायच्या ऐवजी सिंहाला नाव ठेवायचा मान त्यांचा. मान काढून घेतला नाही, फक्त जागा बदलली. आपल्या खात्यांना हे जमलं असतं तर बरं झालं असतं, असं आपलं मला वाटतं.

नामिबियाचं नाव तुम्ही २०२२ च्या सप्टेंबरात ऐकलंत, कुनोला आठ चित्ते आले तेव्हा. त्या चित्त्यांच्या देशात शेळ्यामेंढ्यावाले चित्ता दिसला की गोळी घालायचे. लॉरी मार्कर ह्या बाईंनी १९९४ पासून तिथल्या शेतकऱ्यांना तुर्कस्तानातल्या धनगरी जातीची कुत्री द्यायला सुरुवात केली. पिल्लू अगदी लहानपणीच शेळ्यांत सोडायचं, ते शेळ्यांनाच आपला गोतावळा समजतं. चित्ता अंगानं नाजूक, पाय दुखावला तर उपाशी मरेल, त्यामुळे भुंकणाऱ्या दांडग्या कुत्र्याशी तो भांडत बसत नाही. निघून जातो. धनगराच्या मेंढरांमागचं कुत्रं आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतो आहोत, म्हणून ही युक्ती ऐकून मला नवल नाही वाटलं, थोडी लाज वाटली.

लाज का, ते सांगतो आणि थांबतो. नोकरीत असताना बिबट्यानं शेळी मारली की भरपाईसाठी पंचनाम्याला मला बोलावत. एका उसाच्या गावात एकाच घरी मी तीनदा गेलो, दोन वर्षांत. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा, वय अंदाजे इतकं, किंमत इतकी, सही. तिन्ही वेळा ती म्हातारी मला चहा पाजायची. तिसऱ्या खेपेला निघताना गाडीतून मागं वळून पाहिलं तेव्हा दिसलं, गोठ्याच्या कुडाला मागच्या अंगानं हातभर भोक होतं, कडांना केस चिकटलेले. तिन्ही वेळा बिबट्या तिथूनच आत आला होता. पंचनाम्याच्या कागदावर गोठ्यासाठी रकाना नव्हता, आणि मी गाडी थांबवली नाही.