एकच पेशी: हाड होणार की चरबी?

रविवारी मटण आणलं की नळी कुणाच्या ताटात पडणार यावरून घरात वाद ठरलेला. त्या नळीतल्या मगजावरच आज बोलू. कोवळ्या करडाचा मगज लालसर असतो, जून बोकडाचा पिवळट. तो पिवळेपणा चरबीच्या पेशींचा. वय वाढतं तसं आपल्याही हाडांत हेच होतं.

हाड बांधणारी पेशी आणि ही चरबीची पेशी, दोघींची आई एकच: मज्जेतली मेसेन्कायमल पूर्वपेशी. तिनं कुठल्या वाटेला लागायचं, यात मोठा वाटा तिच्या रिसेप्टर्सचा, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांचा.

पेशीच्या आवरणावर फ्रिझल्ड आणि एलआरपी-५ (किंवा ६) अशी जोडी बसलेली असते. बाहेरून ‘विंट’ नावाचं प्रथिन येऊन या जोडीला चिकटलं, की आत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा नाश थांबतो. ते साचतं, केंद्रकात शिरतं आणि रन्क्स-२ हे हाडाचं जनुक जोर धरतं. चरबीचा रिसेप्टर मात्र आवरणावर नाही, थेट केंद्रकात. त्याचं नाव पीपार-गॅमा. फॅटी ॲसिड किंवा औषध त्याला चिकटलं की चरबीची जनुकं चालू.

जायकवाडीचे डावा आणि उजवा कालवा एकाच नाथसागरातून निघतात ना, तसंच हे. पण इथं एक दार वर गेलं की ते दुसरं दार खाली दाबतं. बीटा-कॅटेनिन पीपार-गॅमाला दाबतं, पीपार-गॅमा बीटा-कॅटेनिनला.

पुरावा? एलआरपी-५ जन्मतःच निकामी असेल तर लहानपणीच हाडं ठिसूळ होतात, दृष्टीही जाते. त्याच जनुकातल्या वेगळ्या बदलानं हाडं उलट जास्तच घट्ट होतात. पीपार-गॅमा चालू करणारी मधुमेहाची औषधं, म्हणजे रोझिग्लिटाझोन, पायोग्लिटाझोन, घेणाऱ्या स्त्रियांत हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. घरात कुणाची पायोग्लिटाझोनची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका, डॉक्टरांना हाडांबद्दल विचारा.

आता नांदेड-लातूर-संभाजीनगरच्या एम.एस्सी.वाल्यांसाठी. प्रयोगशाळेत हीच पेशी वेगवेगळ्या माध्यमात, म्हणजे पोषक द्रवात, वाढवून हाडाकडे किंवा चरबीकडे वळवतात. हाडाच्या माध्यमात डेक्सामेथासोन (हे स्टिरॉइड) ०.१ मायक्रोमोलर, ॲस्कॉर्बिक ॲसिड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. साधारण २१ दिवस. चरबीच्या माध्यमात डेक्सामेथासोन १ मायक्रोमोलर, आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर, इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, इंडोमेथासिन २०० मायक्रोमोलर.

डेक्सामेथासोन दोन्हीकडे आहे! म्हणजे एकटं स्टिरॉइड दिशा ठरवत नाही. इंडोमेथासिन पीपार-गॅमाला चालना देतं, आयबीएमएक्स पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं, आणि त्यामुळे पारडं चरबीकडे झुकतं. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारण्यासारखं आहे.

चुका नेमक्या कुठं होतात? ग्लिसरोफॉस्फेट जास्त पडलं तर कॅल्शियम फॉस्फेट आपोआप खाली बसतं, कॅल्शियम दाखवणारा ॲलिझारिन रेड हा रंग लाल दिसतो, आणि हाड तयार झालं म्हणून तुम्ही खूश. म्हणून ग्लिसरोफॉस्फेट घातलेली पण पेशी नसलेली एक विहीर (प्लेटमधला खळगा) सोबत ठेवाच. चरबीच्या प्लेटला मिथेनॉलनं फिक्स करू नका (म्हणजे पेशी आहे तशा गोठवू नका), चरबीचे थेंब विरघळतात. १० टक्के फॉर्मॅलिन वापरा. चरबी रंगवणारा ऑइल रेड-ओ ताजा गाळलेला हवा, नाहीतर रंगाचे खडेच चरबीसारखे दिसतात. आणि माध्यम बदलताना सगळं ओढू नका. चरबीनं भरलेल्या पेशी हलक्या होऊन सुटतात, पिपेटसोबत निघून जातात. थोडं माध्यम तळाला राहू द्या, नवं माध्यम भिंतीवरून हळू सोडा.