पुस्तक कुठल्या टेबलाचं?

तीन पत्ती इथे बहुतेकांना येते, दिवाळीत तर सगळ्यांनाच येते. त्यामुळे पत्त्यांची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. होल्डेम हा पोकरचा एक प्रकार: दोन पत्ते आपल्या हातात, पाच टेबलावर उघडे. बेट लावायच्या फेऱ्या चार: फ्लॉपच्या आधी, फ्लॉपवर (पहिले तीन उघडे पत्ते), टर्नवर (चौथा) आणि रिव्हरवर (पाचवा). लिमिट होल्डेममध्ये बेटची रक्कम ठरलेली असते. ४-८ च्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत ४ डॉलरनेच वाढवायचं, पुढच्या दोन फेऱ्यांत ८ नेच. बहुतेक ठिकाणी एका फेरीत एक बेट आणि तीन रेज (म्हणजे बेट वाढवणं) झाले की संपलं. टीव्हीवर दिसतं तसं सगळ्या चिप्स पुढे ढकलून खुर्चीतून उठायचं, तो नो-लिमिटचा प्रकार इथे नाही. आपण बोलतोय ते या खेळाची पुस्तकं कशी निवडायची याबद्दल.

मी आधी चुकीचीच निवडली. २००३ मध्ये क्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट पोकरची वर्ल्ड सिरीज ही मोठी स्पर्धा जिंकला आणि दोन वर्षांत अमेरिकेतल्या दुकानांची फळी नो-लिमिटच्या पुस्तकांनी भरून गेली. मी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत नवा. त्यातलंच एक उचललं, चार रात्री जागून वाचलं आणि जाऊन बसलो ४-८ लिमिटवर. पुस्तकाने सांगितलं होतं की क्रम पूर्ण व्हायला मधला एखादाच पत्ता लागत असेल तर हात टाकून द्या. मी इमानदारीत टाकत राहिलो. शेजारच्या आजीबाई (डोक्यावर हिरवी टोपी, समोर लिंबू पिळलेला चहा) काहीही धरून बसायच्या आणि जिंकायच्या. मला वाटायचं, नशीब. त्यातलं काही नशीब होतंच, पण सगळं नव्हे.

एक डाव हळूच उलगडून दाखवतो. माझ्या हातात इस्पिकची दश्शी आणि नव्वी, बोलायची पाळी शेवटची. फ्लॉपच्या आधी कुणीतरी रेज केला आणि पाच जणांनी प्रत्येकी ८ डॉलर घातले. म्हणजे मध्ये ४० डॉलर. फ्लॉपवर आली बदामाची राणी, चौकटची अठ्ठी, किलवरची दुर्री. मला गुलाम हवा; गुलाम आला की अठ्ठी ते राणी क्रम पूर्ण, आणि त्या क्षणी त्याहून मोठा हात कुणाचाच असू शकत नाही. पहिल्याने ४ डॉलरची बेट लावली, बाकीच्यांनी पत्ते टाकले. मध्ये ४४, मला घालायचे ४. अकरास एक. न दिसलेले पत्ते ४७, त्यातले गुलाम ४, बिनकामाचे ४३. म्हणजे पुढचा पत्ता गुलाम नसण्याचं प्रमाण पावणेअकरास एक. अकराचा भाव त्याला पुरतो, थोडासा का होईना! शिवाय गुलाम आलाच तर पुढच्या दोन्ही फेऱ्यांत आठ-आठ डॉलर मिळायची आशा आहे. माझ्या मागे कुणी रेज करणारा बसला असता तर हिशेब बिघडला असता, म्हणून शेवटची पाळी महत्त्वाची. आता हाच डाव नो-लिमिटमध्ये घाला. समोरचा ४० मध्ये ४० लावेल, मला ४० घालून ८० मिळवायचे, म्हणजे दोनास एक. तिथे पत्ते फेकणं हेच शहाणपण. नो-लिमिटमध्ये भाव समोरचा ठरवतो. लिमिटमध्ये तो आधीच ठरलेला असतो आणि मध्ये जमलेल्या ढिगाऱ्याच्या मानाने फार स्वस्त असतो. माझं पुस्तक खोटं बोलत नव्हतं. ते दुसऱ्या टेबलाबद्दल बोलत होतं.

मग शहाणा होऊन मी दुसऱ्या टोकाला गेलो. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन माल्मथ यांचं १९८८ चं ‘होल्डेम पोकर फॉर अॅडव्हान्स्ड प्लेयर्स’ आणलं. हे अस्सल लिमिटचंच. नावातला ‘अॅडव्हान्स्ड’ शब्द बघून छाती जरा फुगली होती, हे कबूल करतो. त्यात हात अर्धवटच जुळलेला असताना रेज करून समोरच्याला पळवून लावायच्या सुंदर युक्त्या आहेत. मी त्या केल्या. पण पळायला कुणीतरी तयार हवं ना! आजीबाई राजा-छक्कीवर तीन-तीन बेट घालत होत्या. जो पत्ते टाकतच नाही त्याच्यावर बतावणी करणं म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं. ते पुस्तक लिहिलंय जाणत्या, हात राखून खेळणाऱ्यांच्या टेबलासाठी, जिथे फ्लॉप बघायला दोघं-तिघं उरतात.

आमची टेबलं नेमकी उलट. कॅलिफोर्नियात १९८७ पर्यंत कार्डरूममध्ये (पैसे लावून पत्ते खेळायच्या क्लबांत) ड्रॉ पोकर हा वेगळा प्रकार चालायचा, होल्डेमला कायद्याची वाट मोकळी झाली ती त्या वर्षी. स्वस्त टेबलांवर हौशी माणसं येऊ लागली, सहा-सात जण फ्लॉप बघू लागले. या गर्दीसाठी ली जोन्सने १९९४ मध्ये ‘विनिंग लो-लिमिट होल्डेम’ लिहिलं. सोपं, प्रेमळ पुस्तक आहे, पहिल्यांदा बसणाऱ्याला मी तेच देतो. २००४ मध्ये एड मिलरने स्क्लान्स्की आणि माल्मथसोबत ‘स्मॉल स्टेक्स होल्डेम’ लिहिलं. त्याचा सगळा भर यावर की ढिगारा मोठा झाला की हात पटकन टाकायचा नाही, आणि पुढे असाल तर रेज करून मागच्यांना महाग पाडायचं. मघाचा गुलामाचा हिशेब मी तिथेच शिकलो. पुढे निक ग्रुझिन आणि जेफ हर्झॉग यांचं २००७ चं पुस्तक आलं, ते कमी माणसांच्या, कठीण टेबलासाठी. आजीबाईंच्या टेबलावर ते नेऊ नका.

जुन्या पुस्तकांची आणखी एक गंमत. स्क्लान्स्कीचं ‘होल्डेम पोकर’ १९७६ चं. पुढे दोन ब्लाइंडची (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने पैसे घालायची) पद्धत रुळली, तेव्हा १९९७ मध्ये त्याला तेच पुस्तक सुधारावं लागलं. लेखक तोच, खेळ तोच, पण आधी सक्तीने किती पैसे मध्ये पडतात हे बदललं की कुठले हात खेळायचे तेही बदलतं. रद्दीच्या दुकानात हे पुस्तक सापडलं तर आवृत्ती बघून घ्या. त्याचंच ‘द थिअरी ऑफ पोकर’ अजून शिळं झालेलं नाही, पण त्यातली उदाहरणं स्टड, ड्रॉ, रॅझ अशा पोकरच्या सगळ्या प्रकारांतली आहेत. आधी वर्षभर खेळा, मग वाचा.

कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो: हो, लिमिट होल्डेम संगणकाने सोडवलाय, म्हणजे न हरणारी खेळायची रीत शोधलीय. अल्बर्टा विद्यापीठातल्या मायकेल बोलिंगच्या चमूने जानेवारी २०१५ मध्ये तसं जाहीर केलं, त्या प्रोग्रॅमचं नाव सिफियस. पण तो फक्त दोघांचा खेळ. त्यात पहिल्या बोलणाऱ्याने नुसता कॉल करणं (न वाढवता लागेल तेवढीच रक्कम घालणं) जवळजवळ कधीच नाही, एवढं घेण्यासारखं आहे. नऊ जणांच्या टेबलाला तो उत्तर देत नाही.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की माझी एक खोड आहे. अनुक्रमणिका बघत नाही. मधलं कुठलंही उदाहरण उघडतो. किती डॉलरचं टेबल, मध्ये किती पैसे, किती जण उरलेत, मागे कोण बसलंय, हे सांगितलं नसेल तर पुस्तक परत फळीवर. ‘राजा-राणी हा चांगला हात आहे’ एवढंच सांगणारी पानं फुकट मिळाली तरी घरी आणत नाही.

कमाईबद्दल मघाशी मागून कुणीतरी विचारलं. प्रत्यक्ष टेबलावर तासाला एक मोठी बेट म्हणजे उत्तम, असं जुने खेळाडू धरायचे. ४-८ वर म्हणजे ८ डॉलर, कॅलिफोर्नियाच्या किमान वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. आणि दर डावाला कार्डरूम आपला वाटा काढून घेते, तो लहान टेबलावर जास्तच बोचतो. पुस्तकात त्याचा उल्लेख आहे का, तेही बघा.

आता या ताईंचा प्रश्न, एकच घ्यायचं तर कुठलं? तुमच्या टेबलावर पाच-सहा जण फ्लॉप बघत असतील तर २००४ चं ‘स्मॉल स्टेक्स होल्डेम’. आणि शक्यतो वापरलेली प्रत घ्या, स्वस्त पडते. माझी तशीच आहे. आधीच्या मालकाने सुरुवातीच्या हातांचा तक्ता पिवळ्या मार्करने रंगवून टाकलाय. मागची सरावाच्या प्रश्नांची पानं मात्र कोरी होती, काही तर एकमेकांना चिकटलेली. ती मी पट्टीने सोडवली.